जनरलची अर्धी दाढी

त्यानं हनुवटी वर केली आणि मला आमच्या गावचे आबा पाटील आठवले.

वस्तरा अजून टेकलाही नव्हता. दोन्ही गालांवर फेस पसरून मी उजव्या कानामागं अंगठ्यानं जरासं दाबलं, तेवढ्यात त्यानं आपणहून मान मागं टाकली, डोळे मिटले आणि गालात हवा भरून गाल माझ्यापुढं धरला. असं गिऱ्हाईक मिळालं की न्हाव्याचा हात गायला लागतो. मी उजवा गाल उतरवला, कल्ला सारखा केला. ओठाकडं वळलो तर सांगायच्या आधीच त्यानं वरचा ओठ आत ओढून घेतला. कोयनेकाठची आमची चिंच, तिच्याखाली बापानं टाकलेलं पोतं, पोत्यावर मांडी घालून बसलेले आबा, असं सगळं डोळ्यांपुढं आलं आणि मी आईची जात्यावरची ओवी गुणगुणायला लागलो :

धोकटीत बाई, आरसा वाटोळा
मावतो सगळा, गाव त्यात

दुसऱ्या ओळीवर माझा हात थांबला.

समोर आबा पाटील नव्हते. समोर एक जर्मन कैदी होता.

ही गोष्ट पंचेचाळीस सालच्या एप्रिलातली, इटलीतली. मी रावजी काशीद, मराठा पलटणीतल्या एका कंपनीचा न्हावी. पलटणीत माझ्या नावावर बंदूक नव्हती, धोकटी होती. तीन वर्षं मी त्या धोकटीसकट वाळवंटातून, समुद्रातून आणि द्राक्षांच्या मळ्यांतून चालत आलो होतो. आता आमच्यापुढं एक नदी होती, आमच्या कोयनेएवढीच, पण गढूळ आणि अबोल. नदीपल्याड एक उंच टेकडी, टेकडीवर दगडी मठ आणि मठात तीनशे जर्मन, मशीनगना लावून. लढाई संपत आल्याचं सगळ्यांना कळलं होतं. त्या टेकडीला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या कंपनीनं नदी उतरून टेकडीवर चढायचं होतं. हुकूम आला होता.

आमचे सुभेदार हैबतराव जाचक यांचा एक रिवाज होता. हल्ल्याच्या आदल्या दिवशी कंपनीतल्या एकूणएक माणसाची दाढी झाली पाहिजे. मरायचं तर नवरदेवासारखं मरायचं, असं ते म्हणायचे. त्यामुळं हल्ल्याची खबर कंपनीला माझ्या धोकटीवरून कळायची. मागच्या नदीला मी एकशे वीस जणांना दाढी करून पाठवलं होतं. डोळा चेहरा विसरतो, पण हात विसरत नाही. कुणाच्या हनुवटीत खळगा आहे, कुणाच्या गळ्यावर केस उलटे फिरलेत, हे माझ्या बोटांना पाठ असतं. त्या नदीनंतर महिनाभर माझी बोटं अठ्ठावीस जणांना शोधत होती. आता ब्याण्णव उरले होते. त्यांची दाढी मला त्या दिवशी दुपारनंतर करायची होती आणि सकाळपासून मला वस्तरा हातात जड लागत होता.

त्याआधी कैद्यांचं काम होतं. आदल्या दिवशी ऑलिव्हच्या बागेत चाळीस जर्मन सापडले होते. त्यांच्या अंगावर उवा होत्या, म्हणून डोकी आणि दाढ्या उतरवायचा हुकूम होता. शेतावरच्या एका गोठ्यात त्यांना बसवलं होतं. मी दारापुढं खोकं मांडलं होतं आणि एकेक जण येत होता. आणि एकजात सगळे वस्तऱ्याखाली आखडत होते. मान ताठ, डोळे उघडे, माझ्या हातावर नजर. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. गोरा शिपाई स्वतःची दाढी स्वतः करतो. दुसऱ्याच्या हातातला वस्तरा त्याला गळ्याशी आलेला वस्तराच वाटतो. आमच्याकडं तसं नाही. आमच्याकडं भाकरीला महाग असलेला माणूसही दाढीला न्हाव्यापुढंच बसतो. हनुवटी वर करणं आम्ही बापाच्या मांडीवर शिकतो.

म्हणूनच माझी चूक झाली. एकविसावा कैदी खोक्यावर बसला, त्यानं हनुवटी वर केली आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. पार अर्धी दाढी होईपर्यंत मी गावाकडंच होतो.

हात थांबल्यावर मी त्या चेहऱ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. वय पंचावन्नच्या पुढं. अंगावर बल्लवाचा पांढरट कोट. गळ्यात अडकवलेल्या चिठ्ठीवर त्याच्या पगारपुस्तकातलं लिहून घेतलं होतं, ते हवालदारानं मघाशी मोठ्यानं वाचलं होतं : योहान केलर, पलटणीच्या पावभट्टीवरचा भटारी, भरती गेल्या वर्षीची, इटलीबाहेर कुठं गेलेला नाही.

मी वाटीत वस्तरा बुडवला आणि वेळ काढत राहिलो. त्याची बाही वर सरकली होती. हातावर सोनेरी लव होती, मऊ आणि दाट. आमच्या लंगरातल्या आचाऱ्याच्या हातावर कोपरापर्यंत एक केस शिल्लक नाही. भट्टी ती रोज खाते. मग मला डाव्या कानाची पाळी दिसली. ती नव्हतीच. कापलेली नव्हती, झडून गेल्यासारखी होती, कडेनं निळसर. मानेवर पांढरे ठिपके होते. तसले ठिपके माझ्याही मानेवर होते, आफ्रिकेच्या उन्हानं दिलेले.

मी उठलो. पाणी आणतो अशी खूण केली आणि त्याला अर्धा सोडून सुभेदार साहेबांकडं गेलो.

सुभेदार साहेब विहिरीच्या कट्ट्यावर बूट पुशीत बसले होते. मी सांगायला लागलो. सकाळी कॅप्टन साहेबांनी कंपनीला जे सांगितलं होतं त्याचीच मी आठवण दिली : त्या जर्मन डिव्हिजनचा जनरल, फॉन आल्टनराट, नदीपार गेलेला नाही; त्याची मोटार खड्ड्यात उलटलेली सापडली, आत त्याचा कोट होता, तो नव्हता; आणि टेकडीवाल्यांना त्याचा सक्त हुकूम आहे की माझा स्वतःचा शब्द आल्याशिवाय मठ सोडायचा नाही. एवढं सांगून मी म्हटलं की साहेब, तो जनरल आपल्या गोठ्यात बसलाय.

"कशावरनं?"

"हनुवटीवरनं, जी."

सुभेदार साहेबांनी बूट खाली ठेवला. मग ते हसले, आणि त्यांचं हसू साधं नसायचं, पोटातून उठून मिशांना हलवून जायचं. "आज न्हाव्याला जनरल घावला," ते आजूबाजूच्या जवानांना म्हणाले, "उद्या परटाला हिटलर घावंल."

जवान खिदळले. मी तिथंच उभा राहिलो. सुभेदार साहेबांनी मला विचारलं की दाढी पुरी केलीस का त्याची. मी म्हटलं, अर्धी. तेव्हा त्यांचं हसू गेलं. "आरं, माणूस अर्धा बोडून सोडत्यात व्हय? वैरी असला म्हणून काय झालं? जा, पुरी कर. आन् मग आपल्या पोरांकडं बघ. उशीर नको."

सुभेदार साहेब अन्यायी नव्हते. आमच्या गावात कुणाला अर्धी दाढी करून उठवलं असतं तर पंचायत बसली असती. मी वळलो, आणि वळता वळताच मला ते सुचलं. आबा पाटलांना मी अर्धं सोडलं तर आबा काय करतील? बसून राहतील. दिवस मावळेतो बसतील, शिव्या देतील, पण स्वतः वस्तऱ्याला हात लावणार नाहीत. त्यांच्या हाताला तो येतच नाही. आणि ज्याला येतो, तो?

कॅप्टन हॅडली साहेब गोठ्यापलीकडं झाडाखाली नकाशा पसरून बसले होते. न्हाव्यानं थेट कॅप्टनपुढं जायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. मी गेलो. ते लढाईआधी दोन वर्षं जर्मनीत शिकलेले, ती भाषा त्यांना येत होती; आमच्याशी ते मोडक्या हिंदुस्थानीत बोलायचे. मी सगळं सांगितलं. हनुवटी, लव, कान, मान. ते हसले नाहीत. पण त्यांनी मान हलवली. म्हणाले की कानावरून मी कुणाला जनरल ठरवू शकत नाही. आणि विचारलं तर तो नाहीच म्हणणार, सकाळी चाळीसच्या चाळीस नाही म्हणालेत.

"त्याला विचारू नका साब," मी म्हटलं. "त्याला अर्धाच ठेवा. आणि तुमचं दाढीचं सामान द्या."

त्यांनी स्वतः उठून आपली पेटी उघडली.

दारापुढं आता दोन खोकी मांडली. एकावर भटारी, तसाच, उजवा गाल गुळगुळीत, डावा फेसाळ. दुसऱ्यावर मी एक उंचाडा मोटार मिस्त्री बसवला, त्याचीही अर्धीच दाढी केली. दोघांच्यामध्ये एका बादलीवर कॅप्टन साहेबांचा बिनधोक पात्याचा वस्तरा, म्हणजे सेफ्टी रेझर, ब्रश, पाणी आणि माझा आरसा ठेवला. मी धोकटी गुंडाळली आणि कुणीतरी बोलावल्यासारखा तिथून निघून गेलो. गेलो कुठं, तर गवताच्या गंजीआड, कॅप्टन साहेबांशेजारी. मागून सुभेदार साहेबही आले. चेहऱ्यावर असं होतं की पोरखेळ बघायला आलोय.

मिस्त्रीनं इकडं तिकडं बघितलं. खांदे उडवले. वस्तरा उचलला, गुडघ्यात आरसा धरला आणि चार मिनिटांत गाल उतरवून मोकळा झाला. उरलेला फेस पालथ्या हातानं पुसला आणि गोठ्यात जाऊन बसला.

भटारी बसून होता.

फेस वाळायला लागला. त्याला भेगा पडल्या, कडेची पापडी गळून कोटावर पडली. उन्हं चढली होती, माशा येत होत्या. पाटावर बसलेला माणूस कुणी वाढायला येईल म्हणून पुढं बघत राहतो, तसा तो पुढं बघत होता. एकदा त्यानं वस्तरा उचलला. गालापर्यंत नेला. तिथं त्याचा हात क्षणभर थांबला, चुकीच्या घराच्या दारात आल्यासारखा, आणि त्यानं वस्तरा परत बादलीवर ठेवला, अगदी हळू.

माझ्या शेजारी सुभेदार साहेबांचा श्वास बदलला, तो मला ऐकू आला.

मग गोठ्यातून एक माणूस उठला. पन्नाशीचा, टकला, जाडजूड. त्याच्या चिठ्ठीवर स्वयंपाकी असं होतं. पहारेकऱ्यानं बंदूक रोखली. कॅप्टन साहेबांनी गंजीआडून हातानं खूण केली, येऊ दे. तो माणूस कुणाकडं न बघता आला, ब्रश भिजवला, नवा फेस केला, तो त्या वाळलेल्या गालावर फिरवला. मग त्यानं डाव्या कानामागं अंगठ्यानं जरासं दाबलं. जसं मी दाबलं होतं, तसंच.

हनुवटी वर गेली. डोळे मिटले. गालात हवा भरली.

मी त्या धंद्यातला माणूस, मला ते बघवेना आणि नजरही काढवेना. तो हात त्या चेहऱ्यावरून असा चालला होता जसा एखादा म्हातारा अंधारात आपल्याच घरातून चालतो. कुठं उंबरा, कुठं खांब, बघायला नको. दाढी झाली, त्यानं वस्तरा पाण्यात हलवला, पुसला, ठेवला. आणि ठेवल्यावर त्याला समजलं की आपण काय केलं. तोवर निवांत असलेले हात त्यानं झटक्यात पाठीमागं नेले.

कॅप्टन साहेब पुढं गेले. टाचा जुळवून सलाम केला आणि जर्मनमध्ये काही बोलले. त्यातले दोन शब्द मला समजले. हेर जनरल.

भटाऱ्याचा कोट घातलेला तो माणूस उठला. कोटाचं वरचं बटण लावलं. त्यानं आधी आपल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला, मग सलामाला सलाम केला.

सुभेदार साहेब माझ्याकडं बघत नव्हते. नदीकडं बघत ते एवढंच म्हणाले, "अजून गड आला न्हाई, रावज्या. त्यानं चिठ्ठी लिवली पायजे."

ते खरं होतं. शेतमालकाच्या घरात पिंपांवर दार टाकून टेबल केलं होतं. त्यावर कागद ठेवला, पेन ठेवलं. अर्धा तास आतून कॅप्टन साहेबांचा आवाज येत होता. दुसऱ्याचा फार थोडा. मी बाहेर चुलाणावर पाणी तापवत होतो. जवान एकेक करून येऊन रांगेत बसायला लागले होते, दाढीसाठी. पहिला होता लान्सनाईक भैरू ढवळ, माणदेशातला, ज्याच्या हनुवटीत खळगा आहे. त्यानं मला विचारलं की तुझ्या जनरलनं काय म्हटलं. मी पट्ट्यावर वस्तरा परजत बसलो.

मग मला आत बोलावणं आलं.

जनरल खुर्चीवर ताठ बसला होता. त्याचा स्वयंपाकी, म्हणजे त्याचा अर्दली, लुडविग, मागं भिंतीशी उभा होता. कागद कोरा होता. कॅप्टन साहेबांचा चेहरा दमला होता. ते म्हणाले की हा लिहायला तयार नाही. म्हणतो, कैदेत पडलेल्या जनरलचा हुकूम हा हुकूम नसतो, मी त्यांना लढायला सांगितलं ते मोकळा असताना सांगितलं. पण त्याला एक बघायचंय, आपल्याला ओळखलं कुणी.

मी दारातच नमस्कार केला. जनरलनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि प्रश्न केला, तो कॅप्टन साहेबांनी मला सांगितला : काय दिसलं तुला?

मला खोटं बोलायचं नव्हतं आणि घाबरायलाही वेळ नव्हता. बाहेर पाणी उकळत होतं. मी जवळ गेलो आणि परवानगी घेऊन, न्हावी बोट ठेवतो तसं, बोट ठेवत गेलो.

गालावर बारीक जुनी रेघ होती. ही तरुणपणची, मी म्हटलं, पण लढाईतली नाही. फार नीट आहे, कुणीतरी समोर उभं राहून दिलीय. कॅप्टन साहेबांनी सांगितल्यावर जनरलच्या भुवया हलल्या. म्हणाला, शिकत असताना, तलवारीचा खेळ. डावी भुवई अर्धी होती, केस परत न आलेले. ही जाळानं खाल्ली. तो म्हणाला, फ्रान्स, चाळीस सालचा मे महिना. माझा रणगाडा पेटला, आणि तरी त्या संध्याकाळी नदी मी उतरलो होतो. हे सांगताना त्याचा आवाज जरा उंच झाला. मी मानेवर आलो. हे आफ्रिका, साब. इथं आपण दोघं शेजारी होतो. त्यानं माझ्या मानेवरचे ठिपके बघितले. मग कान. हा बर्फाचा, मी म्हटलं. तो म्हणाला की रशियात मी सोळा हजार माणसं घेऊन गेलो होतो, कानाचं मला काही वाटत नाही.

मग त्यानंच विचारलं, "आणि इटलीनं काय दिलं?"

मी त्याच्या गुळगुळीत डाव्या गालाकडं बघितलं. "अर्धी दाढी, साब," मी म्हटलं.

कॅप्टन साहेबांनी ते जर्मनमध्ये करून सांगितलं तेव्हा त्यांचाच आवाज अडखळला. जनरलनं माझ्याकडं बघितलं. आणि हसला. आधी नाकातून, मग खांदे हलवून. भिंतीशी लुडविगनं तोंड फिरवून घेतलं. हसू ओसरल्यावर जनरल म्हणाला की मला कळलं होतं ती परीक्षा आहे. वस्तरा उचललाही होता. पण कुठून सुरुवात करतात तेच हाताला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं झाली.

हसलेल्या माणसाशी बोलता येतं. मी म्हटलं, "साब, बाहेर माझी ब्याण्णव माणसं दाढीला बसलीत. उद्या सकाळी ती तुमच्या टेकडीवर चढणार. आमचा रिवाज आहे, मरायला जाणाऱ्याची दाढी करायची. टेकडीवर तुमच्या माणसांची दाढी कोण करतं?"

कॅप्टन साहेबांनी सांगितलं. उत्तर आलं ते भिंतीकडून. लुडविग बोलला, बावीस वर्षांत विचारल्याशिवाय पहिल्यांदाच बोलला असेल, अशा आवाजात. दोनच वाक्यं.

कॅप्टन साहेब मला म्हणाले, "तो म्हणतो, कुणीच नाही. अर्ध्यांना अजून दाढी आलेलीच नाही."

जनरल उठून खिडकीशी गेला. खिडकीतून टेकडी दिसत होती. मठाच्या भिंतीवर दुपारचं ऊन पडलं होतं आणि तिथं कुणीतरी धुतलेले कपडे वाळत टाकले होते, लहान लहान, इतक्या लांबून रुमालांएवढे. बाहेर रांगेत भैरू कुणाची तरी नक्कल करत होता, पोरं हसत होती. ते हसू आत येत होतं.

मग तो वळला, खुर्चीवर बसला आणि लिहायला लागला. चार ओळी लिहिल्या. सही केली. सही मात्र मोठी होती.

चिठ्ठी लुडविगनं नेली. निशाणासाठी पांढरं कापड कुणाकडं नव्हतं. लढाईच्या सहाव्या वर्षी पांढरं काय राहतं. माझ्या धोकटीत दाढीचा एक धुतलेला पंचा होता, आबा पाटलांच्या घरून आलेला. तो त्यानं काठीला बांधला आणि तो जाडा माणूस गुडघाभर पाण्यातून नदी उतरला, एकटा. आमची अख्खी कंपनी काठावर पालथी पडून बघत होती. तो टेकडी चढला. वळणाआड गेला. मग बराच वेळ नुसतं पाखरांचं बोलणं ऐकू येत होतं.

चारच्या सुमाराला मठाची घंटा वाजली. आणि मठाच्या भिंतीवरून एक चादर खाली सुटली, मग दुसरी, मग तिसरी; लग्नघराच्या माळवदावरून लुगडी वाळत सोडावीत तशी. पायवाटेनं माणसं उतरायला लागली. हात वर. पुढं लुडविग, हातात माझा पंचा. आम्ही उठून उभे राहिलो. मी तर काठाशीच होतो, एकेकाचा चेहरा मला दिसत होता. गालांवर लव. मिशीच्या जागी नुसती सावली. पाण्यातून वर येताना एकाचा पाय घसरला तर भैरू ढवळनं पुढं होऊन त्याचा हात धरला आणि त्याला वर ओढून घेतलं.

तीनशे बारा जण आले. शेवटचा माणूस अल्याड आला तेव्हा कुणीतरी हाळी दिली आणि मग ब्याण्णव गळ्यांतून असा आवाज उठला की ऑलिव्हच्या बागेतली सगळी पाखरं एकदम उडाली. टोप्या उडाल्या. लंगरच्या आचाऱ्यानं परात वाजवायला घेतली. गोळी सुटली नव्हती. कुणाची आई त्या दिवशी पोराला मुकली नाही, अल्याडची नाही आणि पल्याडची नाही.

जनरलला मोटारीनं मागं नेलं. निघताना त्यानं लुडविगला बरोबर न्यायची मागणी केली आणि कॅप्टन साहेबांनी ती मान्य केली. मोटार माझ्यासमोरून गेली तेव्हा जनरलनं डोकं किंचित लववलं. मीही लववलं.

मग मला आठवलं की दाढ्या राहिल्यात. मी धोकटी घेऊन चुलाणाशी गेलो, पाणी परत तापत ठेवलं आणि हाक दिली की या रे एकेक. कुणी आलं नाही. सगळे लांब कोंडाळं करून उभे होते, आणि त्यातून सुभेदार साहेब एकटे माझ्याकडं चालत आले. बाह्या दुमडलेल्या.

"ऊठ तिथनं," ते म्हणाले.

मी उठलो.

"हितं बस." त्यांनी गिऱ्हाइकाचं खोकं पायानं सरकवलं. मला वाटलं रागावलेत. मी बसलो. त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली, ब्रश घेतला आणि गुडघा मोडून माझ्यापुढं बसले. जाचक घराण्यातला माणूस, सात पिढ्यांची तलवार, माझ्या गालाला साबण लावायला लागला.

मी म्हटलं, साहेब, हे बरं दिसत नाही. पोरं बघतात.

"बघू देत की. त्येंनी बघावं म्हणूनच करतोय," ते म्हणाले. "तीन वर्सांपासनं तुझी दाढी कोण करतंय, कुणी इचारलं न्हाई. हालू नगं. मला येत न्हाई नीट."

त्यांना खरंच येत नव्हतं. वस्तरा त्यांनी तलवारीसारखा धरला होता. कोंडाळं जवळ आलं, गोल झालं, आणि भैरूनं परातीवर बोटं वाजवून तिथल्या तिथं ओवी रचली :

सुभेदार झाला, रावजीचा न्हावी
कंपनीने गावी, ओवी त्याची

पोरांनी ती उचलली. सुभेदार साहेब गालातल्या गालात हसले, हात हलला आणि माझ्या जबड्याखाली कापलं. रक्त आलं. ते एकदम कळवळले, आपल्या गळ्यातल्या रुमालाचं टोक त्यावर दाबून धरलं आणि दाबून धरलेलंच राहिले. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, धूर येतोय चुलाणाचा.

ती खूण माझ्या जबड्याखाली अजून आहे. आता पंचाहत्तरीत दाढी पांढरी झाली तरी तेवढ्या जागेवर केस उगवत नाही. दरवर्षी गावात पेन्शनवाल्यांचा मेळा भरतो. कुणाच्या मांडीत गोळी, कुणाच्या खांद्यात तुकडा, सगळे आपापल्या जखमा दाखवतात आणि लढाईची नावं सांगतात. माझ्याकडं पाळी आली की मी हनुवटी वर करतो.

"कुठल्या लढाईतली?" ते विचारतात.

"जिंकलेल्या," मी सांगतो.